अठरा ओळींची वाट आणि मधल्या ओळीचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. फाटकापासून ओट्यापर्यंत ३६ फुटांची वाट करायची आहे. फाटकाशी ती ४ फूट रुंद आणि ओट्याशी १० फूट हवी. दोन बाय दोनची शहाबादी फरशी वापरायची, म्हणजे दोन-दोन फुटांच्या १८ ओळी होतात. मिस्त्री म्हणाला, "दर ओळीला चार इंच वाढवत नेऊ. पहिल्या ओळीचे हजार, पुढं दर ओळीला शंभर जास्त. माल-मजुरी त्यात आली, भरावाचा मुरूम तेवढा तुमचा, दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, टाका." फरश्या ७० लागतील असंही त्यानं सांगितलं. तुम्ही क्षेत्रफळ काढलंत तर ६२ च आल्या. दहावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, ही तर अंकगणिती श्रेढी आहे," (म्हणजे दर पावलाला तेवढीच भर पडत जाणारी आकड्यांची रांग) आणि तिनं एकूण ३३,३०० रुपये काढून दिले. तुम्ही विचारता की आकडा बरोबर आहे का, मिस्त्री फसवतोय का, आणि हातात सध्या २५ हजारच आहेत तर काय करावं.

मी सातारा भागात पंचवीस-सव्वीस वर्षं अंगण, वाटा, पायऱ्या, पार अशी बाहेरची कामं करतो. श्रेढी शाळेत शिकलो तेव्हा ती जन्मात कुठं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता महिन्यातून दोनदा तरी लागते.

मुलीचा आकडा बरोबर आहे. पहिली ओळ १,०००, अठरावी ओळ १,००० + १७ × १०० म्हणजे २,७००. पहिली आणि शेवटची मिळून ३,७००, त्याची निम्मी १,८५०, गुणिले १८, म्हणजे ३३,३००. मिस्त्री लबाड नाही, हेही सांगून टाकतो. मात्र त्याच्या भावात एक गंमत आहे, ती कळून घ्या.

चार इंचानं वाढलेली ओळ म्हणजे क्षेत्रफळात किती वाढ? दोन फूट खोलीच्या ओळीत चार इंच वाढले की पाऊण चौरस फुटापेक्षाही कमी, दोन तृतीयांश चौरस फूट वाढतं. त्याला तो १०० रुपये लावतो, म्हणजे वाढीव कामाचा भाव १५० रुपये चौरस फूट झाला. पहिली ओळ ४ × २ म्हणजे ८ चौरस फूट, तिचे हजार, म्हणजे १२५ रुपये फूट. शेवटची ओळ १९ फूट आणि वर थोडी, तिचे २,७००, म्हणजे १४० च्या जवळ. दर ओळीगणिक भाव गुपचूप चढतोय. ओळींचे आकडे वाढताना आपल्याला वाटतं की काम वाढलं म्हणून पैसे वाढले. खरं तर काम ज्या चालीनं वाढतं त्यापेक्षा पैसे जोरात वाढतात. दोन्ही श्रेढ्याच आहेत, पण एकीचा फरक (दर ओळीची वाढ) आणि तिचं पहिलं पद (पहिल्या ओळीचा आकडा) यांचं प्रमाण दुसरीसारखं नाही.

मग भाव जास्त झाला का? मी हे काम घेतलं असतं तर १२० रुपये फुटानं लावलं असतं आणि वर गाडीभाडं, कटर मशीन, साफसफाई याचे ४ हजार वेगळे. (हे दर मी सोयीसाठी गोल धरले आहेत, तुमच्या गावचे टाका.) एकूण क्षेत्रफळ २४६ चौरस फूट (ते कसं, पुढं सांगतो), त्याचे २९,५२० आणि ४ हजार मिळून ३३,५२०. मिस्त्रीचा आकडा त्यापेक्षा २२० रुपयांनी कमीच आहे. त्यानं वरखर्च वेगळा न दाखवता चढत्या भावात मुरवला आहे, एवढंच. फक्त कटर आणि गाडीभाडं त्यात धरलंय ना, हे आधी विचारून घ्या. काम संपताना "ते वेगळं, साहेब" असं ऐकायला लागलं तर तुमचा सगळा हिशेब पाण्यात.

आता रुंदीकडे येतो. इथं मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे.

४ फुटांपासून १० फुटांपर्यंत वाढ किती? ६ फूट, म्हणजे ७२ इंच. ओळी १८. बहात्तर भागिले अठरा, चार इंच. मिस्त्रीनं असाच हिशेब केला असणार, आणि बहुतेक सगळे असाच करतात. पण अठरा ओळींच्या मधे वाढ होण्याच्या जागा सतराच असतात. पहिली ओळ तर ४ फुटांचीच आहे, तिथं काही वाढत नाही. १७ × ४ म्हणजे ६८ इंच. अठरावी ओळ ४८ + ६८ म्हणजे ११६ इंच, ९ फूट ८ इंच. ओट्यापाशी चार इंच कमी. तारेचं कुंपण घालताना शंभर फुटांना दहा-दहा फुटांवर खांब लावायचे तर दहा नव्हे, अकरा लागतात. चूक तीच, फक्त उलट्या बाजूनं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या वाटेत मी हीच चूक केली. ओट्याच्या पायरीला दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माती दिसायला लागली. मालक काही बोलला नाही, त्याची आई बोलली. शेवटच्या दोन ओळी उखडून पुन्हा बसवल्या, माझ्या खर्चानं. तेव्हापासून कागदावर ओळी मोजून झाल्या की मी शेजारी 'मधल्या जागा' म्हणून वेगळा आकडा लिहितो.

तुमच्याकडे तीन वाटा आहेत. फाटकाशी ४ फूट नक्की हवे असतील तर ओट्याशी ९ फूट ८ इंचांवर समाधान माना, एकूण २४६ चौरस फूट होतात. ओट्याशी १० फूट नक्की हवे असतील तर पहिली ओळच ४ फूट ४ इंच धरा, मग २५८ होतात. तिसरी मला जास्त आवडते. पहिली ओळ ४ फूट २ इंच, शेवटची ९ फूट १० इंच. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फरक वाटला जातो आणि क्षेत्रफळ बरोबर २५२ येतं. फाटकाच्या ४ फुटांपासून ओट्याच्या १० फुटांपर्यंत दोन्ही कडांना सरळ तिरकी दोरी मारली असती तर मधे जेवढी जागा आली असती तेवढीच. कारण प्रत्येक ओळीची रुंदी तिच्या बरोबर मध्यावरच्या तिरक्या मापाएवढी होते, दोरीच्या बाहेर जेवढा कोपरा जातो तेवढाच आत सुटतो. पुढचे हिशेब मात्र मी मिस्त्रीच्याच मापानं, ४ फुटांपासून सुरू करून देतो, कारण तुमचं बोलणं त्या मापावर झालंय.

हे २४६ मी कसे काढले? अठरा ओळी एकेक मोजून बेरीज करत बसलो नाही. मधली ओळ घेतली. ओळी सम आहेत म्हणून मधली एक नाही, नववी आणि दहावी अशा दोन आहेत. नववी ८० इंच, दहावी ८४, त्यांचा मध्य ८२. ८२ × १८ म्हणजे १,४७६ इंच, म्हणजे १२३ फूट. खोली २ फूट, म्हणून २४६. ओळी विषम असत्या तर याहून सोपं, मधली एक ओळ टेपनं मोजायची आणि ओळींच्या संख्येनं गुणायचं. साइटवर कागद-पेन्सिल नसताना हाच हिशेब चालतो. माझ्याकडचा एक जुना बिगारी शाळेत चौथीपर्यंत गेलेला, पण मधली ओळ मोजून माल किती लागेल ते तो माझ्याआधी सांगायचा.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार आहे. त्यात पहिल्या पदाला मुख किंवा आदि म्हणतात, वाढीला चय, पदांच्या संख्येला गच्छ. शेवटचं ते अंत्यधन, मधलं ते मध्यधन, आणि मध्यधनाला पदसंख्येनं गुणलं की सर्वधन. बरोबर हेच आपण वर केलं. त्यातलं एक उदाहरण तर वाटेचंच आहे. राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो, पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, मग रोज ठरावीक वाढ करत ७ दिवसांत ८० योजनं जातो, तर रोजची वाढ किती? उत्तर २२ सप्तमांश येतं. मुलीला सोडवायला द्या. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. आमच्याकडे मात्र मध्यधन म्हटलं की गवंडी 'कुणाचं धन?' असं विचारतो.

आता फरश्यांचं. ७० की ६२?

सांध्याचं आधी मिटवतो. दोन बाय दोन म्हणून मिळणारी शहाबादी बऱ्याचदा पूर्ण चोवीस इंच भरत नाही, म्हणून फरशी अधिक सांधा मिळून २४ इंच असं मी धरतो. घेताना टेप लावून बघा. वेगवेगळ्या खाणीचा माल मिसळलेला असेल तर एकाच ढिगात अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक निघतो, आणि अठरा ओळींत त्या अर्ध्या इंचाचे नऊ इंच होतात.

२४६ चौरस फुटांना ४ फुटांची एक अशा साडेएकसष्ट, म्हणजे ६२ फरश्या. हा तुमचा आकडा. पण मिस्त्री ओळीनं विचार करतो. पहिल्या ओळीला २ फरश्या. दुसरी ओळ ५२ इंच, तिला दोन अखंड आणि चार इंचांची पट्टी, म्हणजे तिसरी फरशी फोडायची. सातवी ओळ ७२ इंच होईपर्यंत प्रत्येक ओळीला ३ लागतात. आठव्यापासून तेराव्यापर्यंत ४, चौदाव्यापासून अठराव्यापर्यंत ५. मांडून बघा, २ + १८ + २४ + २५ म्हणजे ६९. एक वर धरून त्यानं ७० सांगितल्या. दर ओळीला नवीन फरशी फोडून उरलेला तुकडा फेकून द्यायचा, असा हा हिशेब आहे. सात फरश्या, अठ्ठावीस चौरस फूट दगड कचऱ्यात.

इथं श्रेढीची मदत होते, आणि मला ती सगळ्यात सुंदर वाटते. दुसऱ्या ते सहाव्या ओळीत लागणारे तुकडे पाहा: ४, ८, १२, १६, २० इंच. पहिला आणि शेवटचा मिळून २४. दुसरा आणि चौथा मिळून २४. चार इंचांची पट्टी कापलेल्या फरशीतून उरलेला वीस इंचांचा तुकडा सहाव्या ओळीत तंतोतंत जातो, आठ इंचांचा उरलेला सोळा पाचव्या ओळीत. बारा इंचांचा एक शिल्लक राहतो, त्याचा जोडीदार पुढच्या गटात, दहाव्या ओळीत भेटतो. श्रेढीची बेरीज करताना मुलगी पहिलं पद आणि शेवटचं पद जोडते, दुसरं आणि शेवटून दुसरं जोडते. कटरजवळ बसलेल्या माणसानंही नेमकं तेच करायचं. तीन गटांत (दुसरी ते सहावी, आठवी ते बारावी, चौदावी ते अठरावी) मिळून तुकड्यांसाठी ८ फरश्या लागतात आणि अखंड ५४, एकूण ६२. तुमचा आकडा हाती येतो, पण तुकडे जोडीनं कापले तरच.

कटरचं पातं थोडा दगड खातं आणि शहाबादी कापताना एखादी तडकतेच. म्हणून ६२ वर चार-पाच जादा धरा, ६६-६७ मागवा. आणि मिस्त्रीला हे तोंडी सांगू नका, कागदावर लिहून कटरच्या पेटीला चिकटवा: दुसरीचा उरलेला सहावीला, तिसरीचा पाचवीला. आठवी-बारावी आणि नववी-अकरावी तसंच. चौदावी-अठरावी, पंधरावी-सतरावी. चौथीचा उरलेला दहावीला. सोळावीचा अर्धा तुकडा उरेल, तो नळाखाली ठेवायला होईल.

एक गोष्ट गणितात येत नाही. चार इंचांची पट्टी वाटेच्या कडेला लावू नका. सायकलचं चाक एकदा त्यावरून गेलं की ती उचकटते. कडेला अखंड फरशी, पट्टी आत. दुसऱ्या ते सहाव्या ओळीत दोनच अखंड फरश्या आहेत, तिथं पट्टी मधोमध घ्या. चार, आठ, बारा, सोळा, वीस अशी रुंद होत गेलेली ती पाचर सातव्या ओळीत पूर्ण फरशी होते, दिसायला फार देखणी. पुढच्या गटात तीन अखंड येतात, तिथं मधोमध बसत नाही. एका ओळीत डावीकडच्या पहिल्या फरशीनंतर, पुढच्या ओळीत उजवीकडच्या, असं आलटून पालटून घ्या. सांधेही एका रेषेत येत नाहीत.

मुरमाचं मात्र तुम्हाला सावध करायला हवं. तुम्ही लिहिलंय की जमीन घराकडे उतरते. म्हणजे वाट घराकडे चढवून पाणी फाटकाकडे काढायला भराव लागणार. दर दोन फुटांना पाव इंच ढाळ आणि तेवढाच जमिनीचा उतार धरला तर भराव दर ओळीला अर्ध्या इंचानं वाढतो. फाटकाशी ६ इंच, ओट्याशी साडेचौदा. ही पण श्रेढी. रुंदीची पण श्रेढी. मग मधली ओळ घेऊन गुणलं तर? ८२ इंच रुंदी, सव्वादहा इंच जाडी, ३६ फूट लांबी, म्हणजे २१० घनफूट, दोन ब्रास आणि थोडा. मिस्त्रीनं बहुधा हेच केलंय.

पण हे चूक आहे. दोन श्रेढ्यांचा गुणाकार केला की श्रेढी राहत नाही. जिथं वाट रुंद आहे तिथंच भरावही जाड आहे, त्यामुळे ओट्याकडच्या ओळी मुरूम दुप्पट जोरानं खातात. ओळ-ओळ मांडून बेरीज केली तर २२३ ते २२४ घनफूट येतात. फाटकाचं आणि ओट्याचं माप घेऊन निम्मं केलं तर २४६ येतात, तेही चूक, उलट्या बाजूनं. सर्व्हेच्या पुस्तकात याला प्रिझमॉइडल सूत्र आहे: एका टोकाचा छेद (तिथली रुंदी गुणिले जाडी), मधल्या छेदाची चौपट, दुसऱ्या टोकाचा छेद, बेरजेला सहानं भागा आणि लांबीनं गुणा. तुमच्या वाटेला लावलं तर २२२ येतात. भरावाला एवढं बस्स.

त्यावर मुरूम पाणी मारून धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, बसतो. पाचवा हिस्सा तरी बसतोच. २२४ घनफूट दाबलेला हवा तर २८० सुटा लागतो. मुरमाच्या भाषेत ब्रास म्हणजे १०० घनफूट. (फरशीवाल्याच्या तोंडी ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, बोलताना गल्लत होऊ देऊ नका.) म्हणजे पावणेतीन ब्रासच्या वर, तीन मागवा. आणि ट्रॉली आली की आतून लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजून गुणा. एका ट्रॉलीला एक ब्रास असं सगळे म्हणतात, मोजल्यावर काही ट्रॉल्या ऐंशी-पंच्याऐंशीच भरतात.

आता तुमचे २५ हजार. काम नेहमी घराकडून सुरू होतं, कारण ओट्याची पातळी पक्की असते, माल फाटकाकडून येतो आणि नव्या फरशीवरून कुणी चालत नाही. घराकडून मोजायचं तर श्रेढी उलटी होते: २,७००, २,६००, २,५००, अशी उतरती. अकरा ओळींचे २४,२०० होतात, बाराव्या ओळीला पैसे पुरत नाहीत. फाटकाकडून सुरू केलं असतं तर त्याच पैशांत चौदा ओळी झाल्या असत्या, २३,१०० मध्ये, आणि पंधरावीला ५०० कमी पडले असते. चौदा ओळी ऐकायला बऱ्या वाटतात, पण चिखलाचे पाय ओट्यावर आणणारा भाग तसाच राहील. मी अकरा ओळी घराकडून करून घेईन. उरलेल्या सात फाटकाकडच्या, अरुंद आणि स्वस्त, ९,१०० रुपयांच्या, दिवाळीनंतर.

तसं करायचं ठरलं तर मिस्त्रीशी आधी बोला. आणि तुकड्यांच्या जोड्याही बदलतात. अकरा ओळी म्हणजे आठवी ते अठरावी. तेवढ्या भागात तिसऱ्या गटाच्या जोड्या पूर्ण होतात, दुसऱ्या गटाच्याही. दहावी ओळ मात्र चौथीऐवजी सोळावीशी जोडा, दोघींना बारा-बाराच लागतात, आणि तुकडा उरतच नाही.

पैसे देण्याच्या टप्प्याबद्दल कुणी विचारत नाही आणि भांडणं तिथंच होतात. समजा, उद्या पूर्ण १८ ओळींचं काम फाटकाकडून ठरलं. नऊ ओळी झाल्यावर मिस्त्री म्हणणार, "निम्मं काम झालं, निम्मे पैसे द्या." ओळी निम्म्या, पण पैसे? पहिल्या नऊ ओळींचे १२,६०० होतात, एकूणच्या अडतीस टक्क्यांहून कमी. निम्मे पैसे, १६,६५०, तेव्हा देय होतात जेव्हा अकरा ओळी होतात. तेव्हा बेरीज १६,५०० आलेली असते. घराकडून काम असेल तर उलटं होतं, नऊ ओळींत २०,७०० चं काम झालेलं असतं आणि तुम्ही निम्मेच देऊ केलेत तर मिस्त्रीवर अन्याय होतो. म्हणून 'निम्मं झाल्यावर' असे शब्द वापरूच नका. 'पाचवी, दहावी, चौदावी ओळ झाल्यावर' असं लिहा आणि समोर रक्कम.

तुळशीच्या वृंदावनाभोवती विटांची गोल वाट करायची म्हणालात, तेही सांगतो. विटा आडव्या, लांबी गोलाच्या दिशेनं लावा. सांध्यासह वीट ९ बाय साडेचार इंच धरली तर विटांचं प्रत्येक पुढचं कडं साडेचार इंचांनी बाहेर सरकतं. घेर किती वाढतो? २ × २२/७ × ४.५, म्हणजे सव्वाअठ्ठावीस इंचांच्या आसपास. नऊनं भागा, तीन विटा आणि थोडं. आधीचं कडं लहान असो की मोठं, पुढच्या कड्याला वाढ तेवढीच. सात वेळा बाहेर सरकलं की २२ विटांची वाढ, लीलावतीतल्या राजाची रोजची वाढ हीच, २२ सप्तमांश. वृंदावनाचा पार ४ फूट व्यासाचा असेल तर पहिल्या कड्याला १८-१९ विटा, चौथ्याला पावणेअठ्ठावीस. सात कडी करायची तर मधलं कडं चौथं, त्याच्या विटा गुणिले सात, म्हणून १९५ च्या आसपास. तूटफूट धरून २०५ आणा. पाराला अगदी चिकटलेल्या पहिल्या कड्यात विटांमधे पाचरीसारखी फट राहते, ती चुरीनं भरा.

सरळ, एकाच रुंदीच्या वाटेला मात्र यातलं काही लागत नाही. लांबी गुणिले रुंदी. तिथं श्रेढी लावणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

एक काम मुलीला द्या. फरशी बसवायच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कडांना सुतळ्या मारलेल्या असतील आणि ओळींच्या खुणा चुन्यानं पाडलेल्या असतील. तिनं टेप घेऊन पहिल्या, नवव्या, दहाव्या आणि अठराव्या ओळीची रुंदी मोजावी. पहिली आणि अठरावी मिळून १६४ इंच यायला हवेत, नववी आणि दहावी मिळून तेवढेच. पाव-अर्धा इंच इकडे-तिकडे चालेल. दोन इंचांचा फरक आला तर मधे कुठंतरी सुतळीला पोट पडलंय. मिस्त्रीला हाक मारून ती खुंटी सकाळच्या आत सरकवून घ्या.